गाणं अख्खं म्हणतो, पण पाणी मागत नाही

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर पालकांनाही संदर्भ कळेल. मुलगा चार वर्षं दोन महिन्यांचा आहे. दीड वर्षापूर्वी ऑटिझमचं निदान झालं. तीसेक गाणी, संध्याकाळची आरती, जाहिरातींचे तुकडे, घंटागाडीवरचं गाणं, हे सगळं तो सुरात आणि शब्द न गाळता म्हणतो. पण तहान लागली की तुमचा हात धरून माठापाशी नेतो, 'पाणी' म्हणत नाही. एका ठिकाणी तुम्हाला सांगितलं, गाणी पूर्ण बंद करा, त्यांच्यामुळेच बोलत नाही. दुसरीकडे हेडफोनवरून खास संगीत ऐकवायचा 40,000 रुपयांचा कोर्स सुचवला. सासूबाईंचं म्हणणं, गायनाच्या क्लासला घाला. यातलं कुणाचं ऐकायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी स्पीच थेरपिस्ट आहे, आणि गेली 22 वर्षं बहुतेक ऑटिझम असलेल्या लहान मुलांबरोबरच काम करते. हा प्रश्न मला दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतं. तिन्ही सल्ल्यांत संगीताकडे औषधाच्या गोळीसारखं पाहिलंय: द्यायची की बंद करायची, आणि किती. तुमच्या मुलाची अडचण तिथे नाहीच. त्याच्या तोंडात शब्द आहेत, सूर आहे, स्मरणशक्ती उत्तम आहे. हे शब्द समोरच्या माणसाकडे का वळत नाहीत, हे आपल्याला शोधायचंय. त्याचं उत्तर सापडलं की गाण्याचं काय करायचं ते आपोआप कळतं.

हे चित्र काही नवं नाही. 1943 साली लिओ कॅनर या अमेरिकेतल्या बालमनोविकारतज्ज्ञांनी 11 मुलांचं वर्णन करणारा जो लेख लिहिला, तिथून ऑटिझम हे नाव लहान मुलांच्या संदर्भात रूढ झालं. त्यातल्या पहिल्याच मुलाबद्दल नोंद आहे की एक वर्षाचा असताना तो अनेक चाली अचूक गुणगुणायचा. हाच मुलगा पुढे बोलायला लागल्यावर त्याला आंघोळ करायची असली की म्हणायचा, "आंघोळ करायचीय का?" आईच्या तोंडून ते वाक्य जसं कानावर पडलं, तसंच त्याने उचललं होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा उपयोग आहे.

गाणं सोपं आणि बोलणं अवघड का जातं? पाढ्यांचं उदाहरण घ्या. कुणी अचानक 'सात आठे किती' विचारलं तर आपल्यातले कितीतरी जण मनात 'सात एके सात' पासून धावत सुटतात. छप्पन्न हा आकडा आपल्याला सुटा सापडत नाही, मागच्या आकड्यांचा हात धरून यावा लागतो. तुमच्या मुलाचं गाणं तसं आहे. अख्खं गाणं हा त्याच्यासाठी कदाचित एकच लांबलचक शब्द असेल. त्यातलं 'पाणी' आणि माठातलं पाणी एकच, हे त्याला अजून उमगलेलं नसेल. शिवाय गाण्यात पुढे काय येणार हे ठरलेलं असतं, त्यात कुणाकडे बघावं लागत नाही, उत्तराची वाट पाहावी लागत नाही. बोलताना मात्र हजार शब्दांतून एक निवडायचा, तो योग्य माणसाकडे, योग्य क्षणी टाकायचा, आणि समोरच्याला कळला का तेही बघायचं. ही चार कामं एकाच वेळी करायची असतात.

मेंदूच्या पातळीवरही काही धागे सापडलेत. हरयाणात मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. तिथल्या मेघा शारदा, नंदिनी चटर्जी सिंग आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ऑटिझम असलेली मुलं बोललेला शब्द ऐकत असताना मेंदूच्या पुढच्या आणि कानशिलाकडच्या भागांमधला संवाद कमी पडत होता, पण तोच शब्द गाऊन ऐकवल्यावर तो शाबूत असल्याचं त्यांना दिसलं. याचा अर्थ गाणं ऐकून बोलणं येतं असा नाही. गाण्याचं दार या मुलांसाठी बरेचदा उघडं असतं, एवढाच अर्थ मी घेते. त्या दारातून आत जाऊन काय करायचं ते आपल्या हातात आहे.

पुढचं सांगण्याआधी, कुठल्या गोष्टी मुलागणिक बदलतात तेही सांगते, कारण तुमच्या मुलाला मी पाहिलेलं नाही.

पहिली गोष्ट कान. 'एवढं सुरात गातो, म्हणजे ऐकू येतंच' असं म्हणून घरोघरी ही तपासणी राहून जाते. पण कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं असेल किंवा थोडं कमी ऐकू येत असेल, तर चाल नीट ऐकू येते आणि स, त, क यांसारखे हलके आवाज निसटतात. मूल स्वतः सांगू शकत नसेल तर बेरा तपासणी करतात; तिच्यात आवाजाला मेंदू कसा प्रतिसाद देतो ते यंत्राने मोजतात, मुलाला उत्तर द्यावं लागत नाही. झाली नसेल तर सगळ्यात आधी ती करा. जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीमध्ये, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून मदत करणाऱ्या केंद्रात, चौकशी करा. मुंबईत असाल तर वांद्र्याच्या अली यावर जंग या बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींसाठीच्या राष्ट्रीय संस्थेत जाता येईल.

दुसरी गोष्ट म्हणजे त्याला किती समजतं. हातवारे न करता, नजरही न वळवता, "चप्पल आण" म्हटलं तर आणतो का? आणत असेल तर आपलं काम पुष्कळ सोपं आहे. नसेल तर आधी समज वाढवायची, बोलणं मागून येईल.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तो कोणतं गाणं कधी म्हणतो? माझ्याकडे पाच वर्षांचा एक मुलगा यायचा. आई चप्पल घालायला लागली की तो बातम्यांच्या सुरुवातीची धून गुणगुणायचा. घरच्यांना ते निरर्थक वाटायचं. मी त्यांना आठवडाभर वहीत लिहायला सांगितलं: काय म्हणाला, त्याआधी काय घडलं, नंतर काय घडलं. पाचव्या दिवशी आजोबांच्या लक्षात आलं. सकाळच्या बातम्या संपल्या की त्याचे बाबा कामावर जायचे. त्या पोराच्या लेखी ती धून म्हणजे 'घरातलं माणूस बाहेर निघालंय'. तो बोलतच होता. आम्हाला ती भाषा वाचता येत नव्हती. मुलांचं असं उसनं बोलणं पोपटपंची म्हणून झटकून टाकायची पद्धत होती. बॅरी प्रिझंट यांच्यासारख्या संशोधकांनी 1980 च्या दशकात दाखवून दिलं की त्यात मागणं, नाकारणं, स्वतःला शांत करणं असे बरेच हेतू असतात. म्हणून गाणी बंद करा, हा सल्ला मी कधीच देत नाही. बोलायला धडपडणाऱ्या मुलाच्या हातातलं एकुलतं एक साधन आपण काढून घेतलं, तर तो बोलेल कशाने?

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगते.

संगीत ऐकणाऱ्याला समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, ओढ माहीत असते. तबलजी तिहाई घेतो, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवतो, सम जवळ येते, आणि तिच्या आधीच आपली मान हलायच्या तयारीत असते. ही ओढ या मुलांनाही असते, बरेचदा आपल्यापेक्षा जास्त. गाणं लावून दिलं की ती ओढ मोबाइलच भागवतो. गाणं तुम्ही स्वतः म्हटलंत आणि समेच्या आधी थांबलात, तर ती भागवायला त्याला तुमच्याकडे यावं लागतं. 'आपडी थापडी' घ्या. त्याच्यासमोर जमिनीवर बसा, तुमचा चेहरा त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर असू द्या. टाळ्यांसकट तीन-चार वेळा पूर्ण म्हणा. मग 'गुळाची' म्हणून हात हवेतच धरून थांबा. मनात सावकाश दहा मोजा. दहा फार लांब वाटतात, मला अजूनही वाटतात. त्याने नुसतं तुमच्याकडे पाहिलं, ओठ मिटले, हात पुढे केला, 'पा' म्हटलं, काहीही केलं तरी लगेच आनंदाने ओळ पूर्ण करा. पहिल्या काही दिवसांत त्याची नजर हेच त्याचं उत्तर असतं. शब्द त्याच्या मागोमाग येतो.

इथे माझी एक चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षांत मी एका मुलीशी असंच थांबण्याचं काम करत होते. ती शब्द भरायला लागली आणि मला इतका आनंद झाला की मी प्रत्येक ओळीत थांबू लागले. शब्द आल्याशिवाय पुढची ओळच म्हणायचे नाही. तीन आठवड्यांत तिने माझ्यासमोर गाणं सोडून दिलं. घरी गायची, मी आले की गप्प. तिचं खेळणं मी परीक्षा करून टाकलं होतं. ते परत मिळवायला दोन महिने गेले. त्या दोन महिन्यांत मी फक्त तिच्यामागून गायले, काहीही मागितलं नाही. तेव्हापासूनचा माझा नियम असा: गाणं चार वेळा पूर्ण, मग एकदा थांबायचं, आणि दहा मोजून काही आलं नाही तर हसून स्वतः पूर्ण करायचं.

हे जमू लागलं की दुसरा टप्पा. त्याची गाणी आपण आपल्या गरजांकडे न्यायची. पाणी, दार, झोका, 'अजून', 'पुरे', 'नको' यांना दोन-तीन सुरांची, तुमच्या गळ्यात सहज बसणारी चाल द्या. सा-रे-सा एवढीही पुरते. रोज त्याच प्रसंगी तीच चाल. माठाजवळ गेल्यावर 'पाणी दे' दोनदा गायचं, तिसऱ्यांदा 'पाणी' म्हणून पेला हातात धरून थांबायचं.

ओळ निवडताना मराठीतली एक मेख सांभाळावी लागते, आणि कॅनरच्या लेखातल्या त्या मुलाच्या आंघोळीची गोष्ट इथे उपयोगी पडते. "पाणी हवंय का?" असं आपण दिवसातून वीस वेळा विचारतो. मूल तेच जसंच्या तसं उचलतं, आणि तहान लागल्यावर "पाणी हवंय का?" असं तुम्हालाच विचारतं. मग आपण हसतो किंवा दुरुस्त करत बसतो. त्यापेक्षा जे वाक्य त्याच्या तोंडी शोभेल तेच आपण गायचं. शिवाय आपल्याकडे क्रियापद लिंगाप्रमाणे बदलतं. आई म्हणते 'मी येते', मुलगा तेच शिकतो आणि 'मी येते' म्हणतो, घरातले पुन्हा हसतात. सुरुवातीला हे दोन्ही टाळता येतं. 'दे', 'उघड', 'चल', 'उचल', 'थांब' या आज्ञार्थी रूपांत 'मी-तू' लागत नाही आणि लिंगही नाही. 'नको' तर अत्यंत गुणी शब्द आहे, दोन अक्षरांत काम होतं. माझ्या अनुभवात 'प्लीज' आणि 'थँक्यू' शिकण्यात महिने घालवणाऱ्या मुलांपेक्षा आधी 'नको' शिकलेली मुलं लवकर शांत होतात, कारण त्यांना ओरडावं लागत नाही. मात्र त्याने 'नको' म्हटलं की पहिले काही आठवडे ते मानायचं. मानलं नाही तर तो शब्द त्याच्यासाठी फुकट गेला.

तिसरा टप्पा लोक विसरतात: चाल उतरवायची. झोक्यावर 'अजून' गाणारा एक मुलगा मला आठवतो. चाल तीच, झोका तोच, म्हणायला आईच हवी. पोळीसाठी तो 'अजून' म्हणत नव्हता, बाबांसमोर तर नाहीच. म्हणून शब्द पक्का झाला की सूर कमी करत न्यायचे. आधी गाऊन, मग नुसत्या ठेक्यात, मग साध्या बोलण्यात. आणि तोच शब्द तीन वेगळ्या जागी, तीन वेगळ्या माणसांसोबत.

हातांचं काम जोडलं तर आणखी फायदा होतो असं मला दिसलंय. बॉस्टनमधल्या संशोधकांनी 2011 मध्ये 5 ते 9 वर्षांच्या, अजिबात न बोलणाऱ्या 6 मुलांबरोबर 40 सत्रं केली. सूर लावलेल्या दोन ड्रमवर थाप देत शब्द गाऊन म्हणायचे. त्या मुलांच्या तोंडून आवाज आणि शब्दांचे तुकडे येऊ लागले. मुलं फक्त सहा, त्यामुळे त्यावरून मोठे दावे करता येत नाहीत. पण आपल्याकडे यासारखी गोष्ट घरातच आहे, तिचं नाव तबल्याचे बोल. हात जे वाजवतो तेच तोंड म्हणतं. दादरा तालाचे 'धा धिं ना, धा तिं ना' मांडीवर थापत म्हणा. ध, त, न हे आवाज आपोआप येतात, अर्थाचं ओझं नसतं, आणि सहा मात्रांनी चक्र पुन्हा जागेवर येतं. सात वर्षांच्या एका मुलीच्या तोंडून पहिलं स्पष्ट व्यंजन आलं ते 'धा' होतं. सगळ्यांना हे लागू पडत नाही. काहींना थाप आवडते पण तोंड उघडत नाही. तसं असेल तर महिनाभराने सोडून द्या.

एवढं सगळं सांगितल्यावर पुराव्याबद्दल प्रामाणिक राहायला हवं. 2017 साली एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. 9 देशांतली, 4 ते 7 वयाची 364 मुलं. काहींना नेहमीच्या मदतीसोबत उत्स्फूर्त संगीतोपचार (मुलाच्या प्रतिसादाप्रमाणे त्या क्षणी सुचेल तसं त्याच्यासोबत गाणं-वाजवणं) दिले, काहींना फक्त नेहमीची मदत. पाच महिन्यांनी दोन्ही गटांच्या सामाजिक लक्षणांत लक्षणीय फरक आढळला नाही. पुढे 2022 च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या) 26 अभ्यास आणि 1,165 जण होते. संगीतोपचारामुळे एकंदर सुधारणा होण्याची शक्यता वाढते आणि जीवनमान थोडं सुधारतं असं त्यात दिसलं, पण उपचार संपताना बोलण्यात स्पष्ट फरक दिसला नाही. म्हणून 'संगीताने मूल बोलतं करून देतो' असं कुणी हमी देऊन सांगत असेल तर तिथून उठा. मी संगीत वापरते ते मूल माझ्याजवळ बसावं, वाट पाहावी, आळीपाळीने खेळावं यासाठी. भाषेचं काम त्या बैठकीत रोज, थोडं थोडं करावं लागतं.

हेडफोनचे पैसे वाचवा. तयार केलेलं संगीत ऐकवून बोलणं सुधारतं याला भक्कम पुरावा नाही, आणि ते ऐकताना मुलासमोर माणूसही नसतो. तेवढ्या पैशात बऱ्याच आठवड्यांची स्पीच थेरपी होईल. थेरपिस्टचा आरसीआय (भारतीय पुनर्वसन परिषद) नोंदणी क्रमांक विचारायला संकोचू नका. मोबाइलवरच्या गाण्यांनी ऑटिझम होत नाही, हा अपराधीपणा मनातून काढून टाका. पण तीच गाणी मोबाइलऐवजी तुमच्या तोंडून ऐकू आली पाहिजेत. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना 2 ते 5 वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन सांगते. त्या तासातही शेजारी बसून सोबत गा. तुमचा गळा बेसूर असला तरी चालतो. त्याला तुमचाच आवाज हवा आहे.

गायनाच्या क्लासबद्दल सासूबाईंचं चूक नाही, फक्त घाई आहे. या मुलांपैकी काहींचा कान विलक्षण असतो आणि संगीत हा त्यांचा आयुष्यभराचा आनंद होऊ शकतो. तो आनंद म्हणूनच द्यावा. आत्ता वीस मुलांचा वर्ग, एकाच वेळी वाजणाऱ्या पेट्या, 'मांडी घालून बस' हे त्याला झेपेल का, हे एकदा जाऊन बघा. आरतीत झांजा वाजल्यावर तो कानावर हात ठेवतो असं तुम्ही लिहिलंय. ते नाटक नाही, त्याला तो आवाज खरोखर टोचतो. गणपतीत त्याला दारापाशी किंवा शेजारच्या खोलीत उभं राहू द्या. झांज बाजूला ठेवून टाळ्यांवर आरती करा, तो पुढे येईल.

अजून दोन गोष्टी. मोबाइलवरून त्याने इंग्रजी रंग आणि आकडे उचललेत, म्हणून घरात मराठी बंद करून इंग्रजीच बोला, असा सल्ला तुम्हाला कुणी ना कुणी देईल. ऐकू नका. दोन भाषांमुळे ऑटिझम असलेल्या मुलाचं बोलणं मागे पडतं असं अभ्यासांत आढळलेलं नाही. आजी ज्या भाषेत त्याला घास भरवते ती भाषा त्याला हवीच. दुसरं, चित्रकार्डांना घाबरू नका. पाण्याच्या चित्रावर बोट ठेवलं तरी ते मागणंच आहे. चित्रांमुळे बोलणं थांबत नाही, उलट बऱ्याच मुलांचं वाढतं. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेलं 'जेलो' हे ॲप मोफत आहे आणि मराठीतही चालतं.

वयाची भीती तुम्ही शेवटी लिहिलीत: पाच वर्षांपर्यंत बोलला नाही तर संपलं, असं कुणी तरी म्हणालं. 2013 साली अमेरिकेत ऑटिझम असलेल्या 535 मुलांचा अभ्यास आला. चार वर्षांची होईपर्यंत ज्यांचं बोलणं खूप मागे होतं अशी ही मुलं. त्यातली 70 टक्के पुढे शब्द जोडून बोलू लागली आणि 47 टक्के सफाईने बोलू लागली. तुमचा मुलगा त्यात असेलच असं मी म्हणू शकत नाही. पण दार पाचव्या वाढदिवसाला बंद होत नाही, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

या आठवड्यात बेराची तारीख घ्या आणि एक वही करा. कुठलं गाणं, कधी, त्याआधी काय झालं, एवढंच लिहा. काहीही शिकवू नका. तो गायला लागला की कामं बाजूला ठेवून त्याच्याजवळ बसा आणि त्याच्यासोबत गा. तो थांबला की तुम्हीही थांबा, आणि तो तुमच्याकडे बघतो का ते पाहा. बघितलं तर तारीख लिहून ठेवा आणि मला कळवा. 'आपडी थापडी' कुठून सुरू करायचं ते आपण त्यावरून ठरवू.